फक्त वाचण्यापुरतं

डोकमर्डी, सिल्वासा
१४ जून १९९८

प्रिय सदाशिव,

साष्टांग नमस्कार. डावा गुडघा महिनाभर टेकत नाही, तेव्हा आठांतून एक अंग वजा करून घे.

तुझ्या भाच्याने घरात जाळे विणले आहे. कोळ्याचे असते तर मी केरसुणीने काढले असते, हे संगणकांचे आहे. खडोलीच्या ज्या सुताच्या कारखान्यात तुषार यंत्रे सांभाळतो, तिथे मोडीत निघालेला एक संगणक त्याने मागून आणला, खोलून पुन्हा जोडला आणि आतल्या खोलीत शिवणयंत्राशेजारी मांडला. बाहेरच्या खोलीत आमचा आधीचा आहेच. दोहोंमध्ये एक काळी केबल, दाराच्या चौकटीवरून आणि गणपतीच्या तसबिरीमागून गेलेली. आता एका यंत्रात ठेवलेले दुसऱ्यात दिसते. जो फोल्डर इतरांसाठी खुला, त्याच्या चित्राखाली एक तळहात उमटतो, वाढपी ताट पुढे करतो तसा. मला ती मुद्रा फार आवडली. मी शाळेच्या प्रश्नपत्रिका बाहेर टंकतो आणि दमलो की खुर्चीतून न उठता आतल्या यंत्रात फेरी मारून येतो. आमच्या घरी आलेले पत्र कोणाच्याही नावाचे असो, ते सगळ्यांनी वाचायचे, ही रीत तुला ठाऊक आहे. तीच मी विजेवर चालू ठेवली, इतकेच.

तर गेल्या मंगळवारी आत ‘सराव’ नावाचा नवा फोल्डर दिसला. त्यात एक उत्तर होते. प्रश्न बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या संस्कृतचा, नाटकावरचा: ‘नायिकेच्या मौनाचे प्रयोजन सांगा.’ आमच्या खालच्या मजल्यावर सुकदेव म्हणून धुळ्याकडचे गृहस्थ राहतात, तुषारच्याच कारखान्यात पाळीवर असतात. त्यांची कावेरी बाहेरून बी.ए. करते आणि टायपिंग शिकायला मंगलाकडे येते. उत्तर तिचेच असणार. आता सत्तावीस वर्षांची सवय. समोर उत्तर आले की हात लाल शाईकडे जातो. इथे तर लाल रंग बटण दाबून मिळतो.

मुलगी लिहिते, ‘ती लाजून गप्प नाही. सभेत सगळे तिच्याविषयी बोलतात, तिला कोणी विचारत नाही. विचारलं असतं तर ती बोलली असती.’ नाटककाराने एवढे सोपे करून ठेवले असते तर आपण दोघे कशाला गुरुजींच्या छड्या खात बसलो असतो? मी खाली लिहिले, ‘ग्रंथ सोडून. लज्जेचा उल्लेखही नाही. ४/१०. पुन्हा लिहा.’

जेवताना मी ते उत्तर साभिनय वाचून दाखवले. मंगला आमटी वाढत होती. म्हणाली, “त्यात बरं असं काहीच नव्हतं का?” मी म्हटले, “हस्ताक्षर चांगलं आहे.” यंत्रावर सगळ्यांचेच हस्ताक्षर सारखे, त्यामुळे तुषारला हसता हसता ठसका लागला.

आणि दुसऱ्या दिवशी जाऊन पाहतो तो फोल्डरला कुलूप. यंत्र मला पासवर्ड विचारते. माझ्या घरात, माझ्या गणपतीमागून गेलेल्या तारेवर. हे काम तुषारचेच. मे महिन्यात मी त्याच्या यंत्रांच्या पन्नासेक नकाशांना नीटशी संस्कृत नावे दिली होती, तेव्हापासून त्याच्या मनात आहे. तू मामा आहेस. त्याला चार शब्द लिही.

कावेरी जिन्यात भेटली. मी तिला म्हटले, निराश होऊ नकोस, लज्जेचा मुद्दा घाल. ती म्हणाली, “मी तर अजून पुस्तकच उघडेल नाही, सर.” नम्र आहे मुलगी.

मंगलासाठी नेहमीप्रमाणे समास सोडला आहे.

तुझा
जयवंत

(समासात) दादा, नमस्कार. इकडे सर्व ठीक. – मंगला

(त्याखाली) ‘ठीक’ म्हणजे काय ते जरा विस्ताराने लिही, असे मी तिला सुचवले. नको म्हणाली. – ज.


देवरुख
२४ जून १९९८

प्रिय जयवंत,

सात अंगांचा नमस्कार पावला. उरलेले अंग बरे झाले की पाठवून दे.

तुषारला मी काही लिहिणार नाही. कुलूप कोणी घातले हे न पाहता कशासाठी घातले हे विचारणारा तू एकेकाळी होतास. आता मास्तर झालास.

त्या उत्तराचा मात्र मी दोन दिवस विचार केला. मला ते चार गुणांचे वाटले नाही. लज्जेचा मुद्दा हवा होता, कबूल. परीक्षकाला तो लागतो. पण ‘विचारलं असतं तर ती बोलली असती’ हे वाक्य आपल्या वर्गात कोणाला सुचले होते? तुला? मला तर नाहीच. तू त्या नाटकावर गेली कित्येक वर्षे शाळेच्या स्नेहसंमेलनात बोलतोस, त्यात एकदा तरी त्या बाईला काय वाटले असेल हे आले आहे का? मी सहज विचारतो.

आणखी एक. पहिल्या वर्षी गुरुजींनी तुझ्या उत्तरपत्रिकेवर काय लिहून ती परत केली होती, ते मी चौतीस वर्षे कोणाला सांगितलेले नाही. माझ्या बहिणीलासुद्धा नाही. गुणपत्रक लिहिताना एवढे आठवत जा.

इकडे फणस उतरले. तुझी वहिनी तुम्हा सर्वांची आठवण काढते.

तुझा
सदाशिव


सिल्वासा
२८ जून १९९८

तीर्थरूप दादास,

शिरसाष्टांग नमस्कार. हे पत्र समासातलं नाही, सबंध आहे. कावेरी टपालात टाकणार आहे.

तुझं यांना आलेलं पत्र काल जेवणाआधी मोठ्याने वाचून झालं. उत्तरपत्रिकेचा मजकूर आला तिथे हे एकदम खोकले आणि पुढच्या फणसावर गेले. तू मला सांभाळून घेतलंस ते समजलं. पण आता त्याचा उपयोग नाही. मी फॉर्म पाठवत नाही.

रागावू नकोस. दिवाळीपासून तू कावेरीच्या पत्त्यावर टिपणं पाठवतोस, प्रत्येक पाकिटात कोरा कागद आणि तिकीटही घालतोस. ते सगळं मी जपून ठेवलंय. पण दादा, लग्नाआधी दुसऱ्या वर्षाला सुटलेली परीक्षा अठ्ठेचाळीसाव्या वर्षी द्यायची, तर ती घरातल्या माणसाला हसू न येता द्यायची होती. लग्नानंतर यांनीच मला शिकवायला घेतलं होतं, आठवतं ना? आठ दिवस शिकवलं. मी काय चुकले ते शाळेच्या शिक्षकांच्या खोलीत अजून सांगतात. ती मंडळी घरी आली आणि मी चहा घेऊन गेले तरी सांगतात, आणि सांगताना माझ्याकडे इतक्या कौतुकाने बघतात की रागावतासुद्धा येत नाही. यांच्या मनात वाईट काही नसतं हीच तर अडचण आहे.

चार गुणांचं मला वाईट वाटलं नाही. चार असतीलही. यांना ते माझं आहे हे कळलं नाही, त्याचं वाटलं. अठ्ठावीस वर्षं शेजारी बसून जेवतोय.

कुलूप मीच घातलं. तुषारला विचारलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं, बिचारा कानापर्यंत लाल झाला. त्याने तीन प्रकार दाखवले. एक, कोणीही यावं आणि काहीही करावं. दोन, फक्त वाचावं, बदलता येणार नाही. तीन, वाचायचा पासवर्ड वेगळा आणि बदलायचा वेगळा. मी म्हटलं, चौथा नाही का, कोणीच येऊ नये असा? म्हणाला, मग शेअरच करायचं नाही. पण तसं केलं तर यांना तो फोल्डर दिसलाच नसता, आणि दिसायला तर हवा होता. म्हणून दार ठेवलं आणि कुलूप घातलं.

फॉर्मची शेवटची तारीख एकतीस जुलै आहे. भरून शिवणयंत्राच्या खणात ठेवलाय. तसाच राहील. यांना काही सांगू नकोस, माझी शपथ.

वहिनीला नमस्कार. फणसाचे गरे कोणाबरोबर पाठवू नकोस, इथे पोचेपर्यंत सगळ्या गाडीला कळतं.

तुझी
मंगला


डोकमर्डी, सिल्वासा
९ जुलै १९९८

प्रिय सदाशिव,

नमस्कार. अंगे मोजण्याच्या मनःस्थितीत नाही.

तू लिहिणार नाहीस म्हणालास, तेव्हा मीच तुषारला समोर बसवले. म्हटले, नकाशांची नावे मी पूर्ववत करतो, कुलूप काढ. तो म्हणाला, “बाबा, कुलूप मी नाही घातलं. आईने घातलं.”

मी हसलो. मंगलाला पासवर्डचे काय काम? तो हसला नाही. मग मी ओळखले. ती तुला माझ्याविषयी तक्रारी लिहीत असणार. कावेरीचे उत्तर तिथे चुकून पडले होते आणि मूळ ऐवज माझी गाऱ्हाणी. तुझ्या मागच्या पत्रातला तो सहज विचारलेला प्रश्न आठवला आणि खात्रीच झाली. सदाशिव, मला ती सगळी पाठव. मी शुद्ध करून परत करीन.

(पुढे, ११ जुलै)

वरचा मजकूर पाठवला नव्हता, तो तसाच ठेवतो. मी किती शहाणा आहे याचा पुरावा तुझ्याजवळ असलेला बरा.

काल तुषारने आणखी एक गोष्ट सांगितली. हे कुलूप फक्त तारेवर आहे. बाहेरच्या खोलीतून आत जाऊ पाहिले तर पासवर्ड लागतो. उठून आतल्या खोलीत गेले आणि तिच्या यंत्रासमोर बसले, तर काहीच विचारले जात नाही, सगळे उघडे. मी म्हटले, “मग ते कुलूप कसलं?” तो म्हणाला, “तुम्ही उठून आत जाणार नाही, या भरवशावरचं.” आणि कारखान्यात गेला.

आज दुपारी मंगला अथालला एका बारशाला गेली होती. शाळा अर्ध्या दिवसाची. मी उठून आत गेलो. तुला खोटे सांगण्यात अर्थ नाही, उघडायलाच गेलो. स्टुलावर बसलो. यंत्र चालूच होते. ‘सराव’ समोर होता, खाली तो तळहात. माउसवर हात ठेवला.

शेजारी शिवणयंत्राच्या झाकणावर एक छापील कागद होता, कात्रीखाली दाबलेला. तेच उत्तर. खाली माझे ‘४/१०, पुन्हा लिहा.’ आणि त्या कागदाखाली, दुसऱ्या कागदावर, पेन्सिलने ते उत्तर पुन्हा लिहिलेले. तीनदा. लज्जेचा मुद्दा घालून. हस्ताक्षर मंगलाचे.

ते मी अठ्ठावीस वर्षे फक्त समासात पाहिले आहे, दोन ओळी. सबंध पान भरून ते कसे दिसते हे मला माहीत नव्हते. चांगले आहे रे. खरोखरच चांगले आहे.

तिसऱ्या वेळी तिने ‘विचारलं असतं तर ती बोलली असती’ हे वाक्य काढून टाकले आहे. माझ्या सांगण्यावरून.

फोल्डर मी उघडला नाही. खण अर्धवट उघडा होता, त्यात भरलेला फॉर्म दिसत होता, त्यालाही हात लावला नाही. कागद होता तसा कात्रीखाली ठेवला आणि बाहेर येऊन बसलो. ती आल्यावर बारशाच्या घुगऱ्या दिल्या, मी खाल्ल्या. तिने विचारले, आज गप्प का? त्याच क्षणी कळले की त्या नाटकावर मी इतकी वर्षे जे बोलत आलो, ते सगळे लांबून बोलत आलो.

तुला माहीत होते का? खरे सांग.

जयवंत

ता.क. समास सोडलेला नाही. हे पत्र तिला दाखवण्यासारखे नाही. असे पहिलेच.


देवरुख
१७ जुलै १९९८

प्रिय जयवंत,

होय, माहीत होते. दिवाळीपासून. शपथ होती, ती तू न उघडलेल्या फोल्डरने सोडवली असे मी धरतो.

फॉर्मची मुदत एकतीस तारखेला संपते. ती पाठवणार नाही म्हणते.

तिची क्षमा माग, पण श्लोकात नको. तुझे श्लोक ऐकले की ती हसते आणि मग विषय संपतो, हे तुला ठाऊक आहे. म्हणूनच तू ते म्हणतोस. आणि तिला शिकवायला तर मुळीच बसू नकोस. ती माझ्याकडे शिकते.

तुझा
सदाशिव


डोकमर्डी, सिल्वासा
२ ऑगस्ट १९९८

प्रिय सदाशिव,

साष्टांग नमस्कार. गुडघा टेकू लागला आहे. कारण पुढे येईल.

तुझे पत्र एकवीस तारखेला आले. क्षमा कशी मागावी याचा मी दोन दिवस विचार केला. समोर बसून बोलायला गेलो की तोंडातून विनोद बाहेर पडतो. मला तो थांबवता येत नाही, जसे वहिनींना शिंक थांबवता येत नाही. तेव्हा म्हटले, जिथे गुन्हा केला तिथेच जावे.

बाहेरच्या यंत्रावर बसून मी तोच प्रश्न सोडवला. नायिकेच्या मौनाचे प्रयोजन. पुस्तक न उघडता, घड्याळ लावून, एक तास. मग ‘उत्तरपत्रिका’ नावाचा फोल्डर केला आणि तुषारकडून तो शेअर करायला शिकलो. त्याने विचारले, फक्त वाचण्यापुरता की सगळा? मी म्हटले, सगळा. पासवर्ड? नको. खाली एकच ओळ लिहिली: ‘तपासावे. परीक्षार्थी, जयवंत.’ एवढे करायला जमिनीवर बसून टेबलाखालची केबल सारखी करावी लागली, तिथेच गुडघा सुटला.

दोन दिवस काहीही झाले नाही. मी दर अर्ध्या तासाने बघत होतो. पोरे निकालाच्या दिवशी फलकापुढे का उभी राहतात ते आता समजले. तिसऱ्या दिवशी शाळेतून आलो, उघडले, तर लाल रंग. तुला जसेच्या तसे उतरवून देतो:

‘श्लोक सहा, उत्तर एक. तेही शेवटच्या ओळीत. ५/१०. हस्ताक्षर चांगले आहे.’

सदाशिव, गुरुजींनी चौसष्ट साली माझ्या पेपरावर लिहिले होते, ‘विद्वत्ता पुष्कळ, उत्तर सापडत नाही.’ तू चौतीस वर्षे लपवलेस आणि तिने न पाहता ओळखले. तुझे मौन आता मोकळे आहे. मीच तिला सांगून टाकले.

कारण त्या संध्याकाळी ती स्वतःच बाहेरच्या खोलीत येऊन बसली. माझ्या उत्तराची शेवटची ओळ कोणती, ते तुला सांगतो: ‘तिला विचारायला हवे होते, हे मला उशिरा कळले.’ ती म्हणाली, “ही ओळ पहिली हवी होती. एक गुण तिथेच गेला.” मी म्हटले, “फेरतपासणी मिळेल का?” ती म्हणाली, “फॉर्म भरावा लागतो.”

मग मीच विचारले. विनोद न करता, म्हणजे जमेल तेवढा न करता. परीक्षा द्यायची आहे का, एवढेच. ती बोलली. इतकी बोलली की सुकदेव पाळी संपवून आले, त्यांनी वर डोकावून “सर, सब ठीक ना?” असे विचारले. शिक्षकांच्या खोलीतल्या त्या गोष्टीविषयीही बोलली. ती गोष्ट मी पुन्हा सांगणार नाही. ऐकताना मला कळले की ती सत्तावीस वर्षांत कोणालाच विनोदी वाटलेली नाही. सगळे माझा मान ठेवून हसत होते.

फॉर्म अठ्ठावीस तारखेला रजिस्टर टपालाने गेला. पाकीट मी पोस्टात नेले. डिंक लावून दिलेले होते. उघडून एकदा नजर घालावी असे शाळेपासून पोस्टापर्यंत वाटत राहिले, विद्यापीठाचा पत्ता तरी. नाही उघडले.

आता मुख्य गोष्ट. परवा तिने मला ‘सराव’चा पासवर्ड दिला. चिठ्ठीवर लिहून, चहाच्या कपाखाली. दोनांपैकी वाचण्याचा दिला, बदलण्याचा नाही. म्हणाली, “वाचा. हात लावायचा नाही.” मी बाहेरच्या खोलीत बसून सगळे वाचले, तुझ्या टिपणांसकट. ते वाक्य तिने परत घातले आहे. लज्जेचा मुद्दाही आहे, पण आता तो वाक्याच्या मागे उभा आहे, पुढे नाही. फार चांगले उत्तर आहे. मी एकही गुण कापला नसता.

फक्त तिसऱ्या ओळीत अंक चुकला आहे. प्रसंग पाचव्यातला, तिने चौथा लिहिला आहे. बारीक गोष्ट. एक आकडा. मी कर्सर तिथे नेला, चार खोडला, पाच लिहिला, आणि साठवायला गेलो तर यंत्राने नम्रपणे नकार दिला. आज तिसरा दिवस. जेवताना ते माझ्या ओठांवर येते. सकाळी तिने विचारले, काही म्हणायचंय का? मी म्हटले, आमटी चांगली झाली आहे. आमटी आज नव्हतीच.

तू तिला सांगू नकोस. तिलाच सापडेल. परीक्षेला अजून सात महिने आहेत. मी तोवर जगतो का ते पाहायचे.

या पानावर मी दोन बोटांचा समास नाही, खालचे अर्धे पान तिच्यासाठी मोकळे सोडतो आहे. ती काय लिहील ते न वाचता पाकीट बंद करणार आहे. तिलाच बंद करायला सांगितले आहे, म्हणजे प्रश्नच नको.

तुझा
जयवंत

(खाली, निळ्या शाईत)

तीर्थरूप दादास,

नमस्कार. आधी हे सांगते की मी यांचं वरचं सगळं वाचलं. माझ्यासाठी जागा सोडली, पण वरचा भाग झाकला नव्हता, तेव्हा वाचायला परवानगी आहे असं मी धरलं.

तिसऱ्या ओळीतला अंक मला माहीत आहे. तुझ्या टिपणात पाचवा आहे, मीही पाचवाच लिहिला होता. पासवर्ड देण्याआधी चौथा केला. हे खरंच फक्त वाचतात का, ते बघायचं होतं.

तीन दिवस झाले. काल रात्रीच्या जेवणात यांनी मीठ मागायला तोंड उघडलं आणि मीठ न मागताच मिटलं. अठ्ठावीस वर्षांत मी यांना इतकं गप्प पाहिलं नव्हतं. फार चांगले दिसतात.

उद्या पाचवा करून टाकीन. किंवा परवा.

तुझी
मंगला